गुडघा टेकल्याचे गुण

हॅचर्स बेंड, जॉर्जिया
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय वर्ना मावशी,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की बॅस्कम कॉलेजातून संस्कृती नामशेष झाली आहे. पत्रकारांच्या खोलीत उकडलेल्या शेंगा येणं बंद झालं.

तू हसशील. पण अकरा वर्षं, घरच्या मैदानावर सामना असला की, तो सुरू व्हायच्या आत एक निळा पत्र्याचा डबा वर यायचा. गरम, खारट, फोडल्या की मनगटावरून पाणी ओघळणाऱ्या शेंगा. मी या गावाविषयी जे काही बरं लिहिलं आहे ते त्या शेंगांच्या अंमलाखाली लिहिलं आहे. लागोपाठ दोन सामने झाले, डबा नाही. त्याऐवजी कारखान्यातल्या बिस्किटांचे पुडे ठेवतात. चव अशी, की पुडा फोडायची तसदी कशाला घेतली असं वाटतं. शेवटचा डबा मी तळाशी चार शेंगा उरल्या म्हणून घरी आणला होता, तो आता माझ्या टेबलावर पेन्सिली सांभाळतोय. कॉलेजच्या अध्यक्षांना तीन पानी निषेधपत्र धाडलं आहे. कंजूषपणालाही काही मर्यादा असावी.

आता मुद्द्याचं. सोबत कालच्या सामन्याची कॅसेट आणि माझ्या सदराची कात्रणं पाठवतोय. यंदा दर गुरुवारी मी बॅस्कमच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, बचावाच्या पुढच्या फळीतल्या चौघांचं ‘प्रगतिपुस्तक’ काढतो, दहापैकी गुण देतो. तीस वर्षं ऑर्व्हिलकाका इथे फळीचे कोच होते आणि त्यांनी सांगितलेले गुण वहीत तू उतरवलेस. तेव्हा दाद हवी ती तुझीच.

कडेचा टकर व्होस बघ. काय पळतो! त्याला नऊ. आणि मधला, त्र्याण्णव नंबर, एझेल क्रम्प, त्याला दोन, तेही दयेपोटी. चेंडू निघाला रे निघाला की पठ्ठ्या गुडघ्यावर. पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, ‘बंधू क्रम्प रविवारची प्रार्थना शनिवारीच उरकून घेतात. आमेन.’ मावशी, आता तो खाली गेला की सगळं मैदान एका सुरात ‘आमेन!’ ओरडतं. दोन हजार माणसं माझं वाक्य म्हणतात. असा वाचक कुणाच्या नशिबी असतो?

नॅडीनला आणि तिच्या नवऱ्याला नमस्कार. मिनेसोटात बर्फ पडायला लागलं का?

तुझा,
हार्लन


डुलुथ, मिनेसोटा
१३ ऑक्टोबर

चि. हार्लन,

बर्फ अजून नाही. शेंगांचं वाचून वाईट वाटलं. निषेधपत्र तीन पानी, म्हणजे तुला दुःख मनापासून झालेलं दिसतं.

कॅसेट पाहिली. हल्ली मला एकटीने बघायचा कंटाळा येतो, म्हणून जावयाला शेजारी बसवलं आणि काय दिसतं ते बोलत जा म्हटलं. हाल्वर जन्मभर हॉकी बघत आलेला. त्याला आपला खेळ म्हणजे लोक ढिगाने पडतात आणि शिट्टी वाजली की उठतात, एवढाच ठाऊक.

“आई, चेंडू कुणाकडे गेला?”

“चेंडू गेला चुलीत. तू मधल्याकडे बघ. त्र्याण्णव.”

“तो पडला.”

“एकटा?”

“नाही, अंगावर दोघं आहेत. पलीकडचेच.”

“पलीकडे अडवणारे एकूण किती?”

“पाच.”

“दोघं याच्या अंगावर अडकले. मग आपल्या बाकीच्यांना अडवायला उरले किती?”

हाल्वर बोटं मोजायला लागला. पुढच्या चालीला स्वतःच पुढे सरकला, टीव्हीवर हात ठेवून चेंडू झाकला आणि म्हणाला, “आई, याला पगार किती देतात?”

आता माझा प्रश्न. त्र्याण्णवला त्या चालीत काय करायला सांगितलं होतं, हे तुला कुणी सांगितलं? कुणी सांगितलं नसेल तर तू गुण देतोस कशाचे? प्रश्नपत्रिका न वाचता पेपर तपासणारा मास्तर आपल्या गावात एक होता. त्याचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. तो वर्तमानपत्रात गेला.

एका सामन्यावर मीही काही ठरवणार नाही. आधीच्या सगळ्या कॅसेट पाठव.

तुझी,
वर्ना मावशी


हॅचर्स बेंड
१९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

कॅसेट पाठवतोय, परवाच्या सामन्याचीसुद्धा. एकूण सहा झाल्या. हाल्वरसाहेबांना सांग, डोळे भरून बघा.

राग मानू नकोस, पण गुडघ्यांच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही. याच फळीत याच जागी मी खेळलो आणि १९७१ साली गुडघ्यानेच माझा खेळ संपवला. दुखऱ्या गुडघ्याने पडणं वेगळं आणि धडधाकट पोराने लोळण घेणं वेगळं. पाडापाडीचा आकडा कधी खोटं बोलत नाही. टकरने सहा सामन्यांत चौतीस गडी पाडले, क्रम्पने सहा. यात प्रश्नपत्रिका कसली आलीय?

एक गोष्ट मात्र तुझ्या कानावर घालतो. परवा न्हाव्याकडे रॉइस कल्पेपर भेटला. तोच, ट्रॅक्टरवाला. सध्या समर्थक मंडळाचा अध्यक्ष आहे. साबणाच्या फेसातून म्हणाला, “हार्लन, तुझं प्रगतिपुस्तक मी कापून पाकिटात ठेवतो. यंदा मंडळाकडे एकच शिष्यवृत्ती आहे. फळीतले दोघं तिच्याविना खेळतायत, टकर आणि तो क्रम्प. तुझ्यामुळे काम सोपं झालं. दोन गुणवाल्याला दिली तर लोक मला ट्रॅक्टरखाली घालतील.”

मी विचारलं, क्रम्पचं काय होईल? रॉइस म्हणाला, “काय व्हायचंय? नाताळनंतरची फी त्याला झेपणार नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात उन्हाळ्यात जातोच तो, आता कायमचा जाईल.”

ऐकून मला फारसं बरं वाटलं नाही. पण आरसा दाखवणाऱ्याने तोंड कसं सुधारायचं?

शेंगांचा अजून पत्ता नाही. अध्यक्षांचं उत्तर आलं, ‘शेंगांशी कॉलेजचा कधीच संबंध नव्हता.’ बघ किती निर्ढावलेत.

तुझा,
हार्लन


डुलुथ
२ नोव्हेंबर

चि. हार्लन,

उशीर झाला, कारण गेल्या आठवड्यात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मागच्या पत्रात ‘एकटीने बघायचा कंटाळा येतो’ असं लिहिलं ती थाप होती, दिसतच नव्हतं. आता सगळं इतकं स्वच्छ दिसतं की नॅडीनचं घर किती धुळकट आहे तेही कळलं. तिला लिहू नकोस.

सहाही सामने दोनदा पाहिले. काकांच्या पद्धतीने चालीगणिक तक्ते केलेत, ते सोबत आहेत. सांगितलेलं काम केलं तर अधिक, नाही केलं तर वजा. काम काय ते मला कुणी सांगितलं नाही, पण चाळीस-पन्नास चाली पाहिल्या की बाईला कळतं. एक अडवणारा आला तर त्र्याण्णव उभा राहून झुंजतो. दोघं आले तरच गुडघा टेकतो, आणि टेकताना दोघांनाही घट्ट धरून खाली घेतो. हा घाबरट पोराचा खेळ नाही, शिकवलेला आहे. कुणी शिकवायला सुरुवात केली तेही मला ठाऊक आहे, माझंच लग्न झालं होतं त्या माणसाशी.

सहा सामन्यांत एक्केचाळीस वेळा गुडघा टेकला. अडतीस वेळा दोन किंवा जास्त जण घेऊन गेला. तीनदा नुसताच पडला, तिथे मी वजा दिलाय. तपासताना माया करायची नसते.

तुझा टकर मला आवडला. पण तो चोराच्या मागे पळणारा कुत्रा आहे. चोर कधीमधी सापडतो, दार मात्र उघडं राहतं. अकरा वेळा त्याच्याच बाजूने ते लोक आत शिरले.

आता हे बघ. मागे उभा असतो तो चव्वेचाळीस नंबर, जो सगळ्यांत जास्त गडी पाडतो आणि ज्याचे फोटो तुम्ही छापता. पाडून उठला की तो टाळ्यांकडे वळतही नाही. आधी जाऊन त्र्याण्णवला हात देऊन उभा करतो. प्रत्येक वेळी. हाल्वरने मोजलं. एझेलचे गुण त्या मैदानात कुणीतरी दर शनिवारी देतच होतं, हार्लन. वर्तमानपत्रात नव्हतं एवढंच.

आता तुझ्या गुडघ्याविषयी. मी वह्या टाकलेल्या नाहीत. १९७१, वीम्स कॉलेजविरुद्धचा सामना. तुझ्या नावापुढे माझ्याच अक्षरात एकोणीस वेळा लिहिलंय, ‘उभा राहिला. वजा.’ काका बाहेरून घसा फोडत होते, “टेक! हार्लन, टेक!” आणि तू दोघांच्या धक्क्याने उभ्याचा उभा मागे ढकलला जात होतास, दिमाखात. नंतर तू त्यांना म्हणालास, “एवढ्या लोकांसमोर मी नाही गुडघा टेकणार.” त्यांनी तुला बसवलं. तुझ्या गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. तू तीन आठवडे लंगडत फिरलास, सोमवारी डावा आणि गुरुवारी उजवा. काका म्हणाले, “राहू दे, पोराची अब्रू आहे.” म्हणून सत्तावीस वर्षं मी बोलले नाही.

आज बोलले, कारण आता दुसऱ्याच्या पोराची आहे.

वर्ना मावशी


हॅचर्स बेंड
१० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

डावाच होता. असं मी सत्तावीस वर्षं स्वतःला पटवत आलो. जाऊ दे.

शुक्रवारी दुपारी तुझे तक्ते मांडीवर घेऊन बसलो. हाल्वरसारखा टीव्हीवर हात ठेवला. तिसऱ्या सामन्यापर्यंत तुझी एखादी तरी चूक सापडेल म्हणून बघत होतो. चौथ्यानंतर तो नाद सोडला. सातव्या-आठव्याचे तक्ते माझे मीच केले. या गुरुवारी प्रगतिपुस्तक नाही, संपादकाला सांगितलं ताप आहे. खोटं नाही अगदीच.

शनिवारी मैदानाच्या फाटकापाशी शेंगांची कढई दिसली. म्हटलं, वर येत नाहीत तर खाली घेऊ. कढईमागे नेहमीची बाई होती.

“एक पिशवी द्या.”

“संपल्या.”

“कढई तर भरलीय!”

“तुमच्यासाठी संपल्या, साहेब.”

मी म्हटलं, माझं काही चुकलं का? तिने झारा खाली ठेवला. “अकरा वर्षं मी वर डबा पाठवत होते. कुणी सांगितलं नव्हतं. वाटायचं, वर बसून लिहितात बिचारे, जेवायला उठता येत नसेल. माझं नाव माहितीय तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं शेंगा खाल्ल्या आणि नाव विचारलं नव्हतं.

“ओपलीन क्रम्प,” ती म्हणाली. “एझेलची आई. इथून आत काही दिसत नाही हो, पण ऐकू सगळं येतं. दर आमेन ऐकू येतं. माझा पोरगा देवापुढे गुडघे टेकतो ते मी शिकवलं, मैदानात टेकतो ते कोचने शिकवलं. तुम्ही हसलात ते नेमकं कुणाला?”

मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी निघालो तर पाठीमागून म्हणाली, “आणि माझा डबा कुठाय?”

सोमवारी फळीचा सध्याचा कोच, ड्युप्री स्टाइल्स, त्याला गाठलं. तक्ते पुढे टाकले. त्याने वाचले, दार लावून घेतलं.

“हे कुणी केलं?”

“माझ्या मावशीने.”

“तिला नोकरी हवीय का?”

“एझेलला टेकायला तूच सांगितलंस?”

“मग काय हौस आहे त्याला? दोघं आले की टेकायचं. पण हे छापलंस ना हार्लन, तर २१ तारखेला वीम्सवाले दोघं घालणारच नाहीत. एकच घालतील, उरलेला माझ्या चव्वेचाळीसवर. संपलं.”

“अरे, मग मी सप्टेंबरपासून त्याची टर उडवत होतो तेव्हा तू बोलला का नाहीस?”

“तुझा फायदाच होत होता आम्हाला. तुझं वाचून सगळे मधूनच घुसायला बघायचे, मध्ये कच्चा गडी आहे म्हणून. मी एझेलला म्हटलं होतं, सांगतो मी त्या पेपरवाल्याला. तर तो म्हणाला, ‘नको कोच. लिहू दे त्यांना.’”

मावशी, मी पंचवीस वर्षं लोकांची खिल्ली उडवून पोट भरतोय. त्यातल्या कुणी मला असं वापरून घेतलं नव्हतं, आणि तेही स्वतः इतकी किंमत मोजून.

पेच असा आहे. शिष्यवृत्तीची बैठक गुरुवारी, १९ तारखेला संध्याकाळी. वीम्सशी सामना २१ला. खरं छापलं तर सामना जातो. सामना होईपर्यंत थांबलो तर शिष्यवृत्ती टकरला जाते. स्टाइल्स मंडळाकडे बोलणार नाही. कुणाला किती येतं हे कोचने बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे, आणि मंडळातल्या निम्म्यांच्या सुना-जावई वीम्सच्या गावचे.

काय करू?

हार्लन


डुलुथ
१३ नोव्हेंबर

चि. हार्लन,

‘मी चुकलो’ असं छाप. का चुकलास ते लिहू नकोस. विनोद नको, आणि स्वतःची कीवही करायची नाही, तोही एक विनोदच असतो. लोक तुला हसतील. हसू दे.

कारण रॉइसला तोंडी सांग. तो ट्रॅक्टर विकतो, म्हणजे मूर्ख नाही. कॅसेट घेऊन जा. त्याला फक्त एकच गोष्ट करायला लाव, चेंडूवर हात.

हाल्वर विचारतो, पुढची कॅसेट कधी येणार?

मावशी


हॅचर्स बेंड
२२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

गुरुवारचं सदर असं होतं. संपूर्ण:

‘गेले आठ आठवडे त्र्याण्णव नंबर, एझेल क्रम्प, यांना मी दिलेले गुण चुकीचे होते. खेळ मला कळला नाही. ते सगळे गुण मी मागे घेतो.’

संपादक म्हणाला, “खाली अख्खा रकाना मोकळा राहतोय. टाक की एखादी गंमत.” मी म्हटलं, नाही. त्याने तिथे रॉइसच्या ट्रॅक्टरची जाहिरात घातली. सकाळी न्हाव्याकडे विचारणा झाली की हार्लनला खरंच ताप होता का, आणि डोक्यात गेला का. दुपारपर्यंत तीन जणांनी मला ‘आमेन’ म्हणून हाक मारली.

त्याआधी बुधवारी रॉइसच्या दुकानात गेलो होतो. मागच्या खोलीत टीव्ही आहे. आधी ऐकायलाच तयार नाही. “नऊ आणि दोन, हार्लन! तुझेच आकडे!” मी त्याचा पंजा धरून काचेवर ठेवला. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याचा पंजा तो, चेंडू काय, निम्मं मैदान झाकलं गेलं. पाच-सहा चाली त्याने पाहिल्या. मग म्हणाला, “बुडखा आहे हा.”

“काय?”

“शेतातला बुडखा रे. नांगर अडकतो, फाळ मोडतो, माणूस शिव्या देतो. बुडख्याने काही केलं असं कुणी म्हणत नाही.” आणखी दोन चाली पाहिल्या. “आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही म्हणतोस? शनिवारपर्यंत?”

“शनिवारपर्यंत.”

“माझी सून वीम्सची आहे,” तो म्हणाला. “जेवताना तोंड बंद ठेवायची सवय आहे मला.”

गुरुवारी बैठकीत तो काय बोलला कोण जाणे. शुक्रवारी सकाळी फळ्यावर नाव लागलं ते एझेलचं. टकर रडला म्हणे, आणि मग त्यानेच एझेलला उचलायचा प्रयत्न केला आणि पाठ धरून बसला. टकरसाठी पुढच्या वर्षी बघू असं रॉइस म्हणतो. ते मी त्याच्या पाकिटात लिहून ठेवायला लावलंय.

दुपारी एझेल आमच्या कचेरीत आला. दारातून अंग तिरकं करून यावं लागतं त्याला. मी उभा राहिलो, चांगलं सात-आठ वाक्यांचं भाषण तयार केलं होतं. त्याने ते होऊ दिलं नाही.

“कोचनी मला तुमच्या मावशींचे तक्ते दाखवले,” म्हणाला. “फार छान अक्षर आहे त्यांचं. पण एक चूक आहे.”

“कसली?”

“तीन वजा दिलेत. पाच पाहिजेत. चौथ्या सामन्यात दोनदा माझा पाय घसरला, दोघं माझ्यावर नशिबाने पडले. कळवाल त्यांना?”

कळवलं.

“आणि साहेब,” जाताना म्हणाला, “कारण छापलं नाहीत, ते बरं झालं. मी गुरुवारी भीतभीत पेपर उघडला होता.”

शनिवारी आपण तेरा-दहा जिंकलो. एझेलने नऊ वेळा गुडघा टेकला आणि नऊही वेळा मैदान ‘आमेन’ ओरडलं. मला वाटलं होतं, आता थांबतील. नाही थांबत. सोडलेलं वाक्य माघारी बोलावता येत नाही, ते आता त्यांचं झालंय. कारण पुढच्या गुरुवारी छापीन, पण ओरडणारे निम्मे वाचत नाहीत. चव्वेचाळीस नंबरने मात्र नऊही वेळा त्याला उठवलं, मी मोजलं. शेंगा वर आल्या नाहीत. मी बिस्किटं खाल्ली.

सामना सुटल्यावर, फाटकापाशी पांगापांग झाली तेव्हा खाली गेलो. कढई विटांच्या चुलीवर निवत होती. ओपलीनबाई पलीकडे गाडीत मिठाची पोती चढवत होत्या, माझ्याकडे पाठ होती. अंगणातल्या पिकॅनच्या झाडाचे दाणे मी आठवडाभर बसून सोललेत, बोटं अजून काळी आहेत. त्या दाण्यांनी निळा डबा काठोकाठ भरला होता. चूल जमिनीलगत असल्यामुळे तो विटेवर नीट ठेवायला गुडघा टेकावा लागला. डावा. काही दुखलं नाही.

तुझा,
हार्लन